रुपरावच्या चालचलनाचा दाखला

रुपराव नेहारेच्या हाताबद्दल आधी सांगितलं पाहिजे, माणसाबद्दल मग सांगता येईल. उजव्या हाताची मधली दोन बोटं कधीकाळी मोडून वाकडीच बसलेली, त्यामुळे मूठ वळली तरी ती पुरती मिटत नसे. त्या न मिटणाऱ्या मुठीनं त्यानं नागपुरात जरीपटक्याच्या अलीकडच्या आपल्या वस्तीत अकरा माणसं आडवी केली होती. अकरा हा आकडा वस्तीचा. रुपरावला विचारलं तर तो म्हणायचा, "सात. बाकीचे आपल्या पायानं पडले."

उगाच मारत होता असं नाही, बरं का. शेजारच्या इंदूबाईचा नवरा तिला रोज सांजच्याला बुकलायचा. एक दिवस रुपराव जेवता जेवता उठला, खरकट्या हातानंच त्याच्या मुस्काटात दिली, दोन दात पाडले आणि परत येऊन उरलेली भाकर खाल्ली. तेव्हापासून इंदूबाईच्या अंगावर बोट पडलं नाही. पण कारण चांगलं असलं म्हणून मार काही गोड लागत नाही, आणि ज्याचे दात जातात तो माणूस कारण विसरतो, दात विसरत नाही. रुपरावला हे कळत होतं. हात उठायच्या आधी मात्र आठवत नसे.

पोटासाठी तो भैय्याजींच्या गोठ्यात कामाला होता. भैय्याजी इतवारीतले भांड्यांचे ठोक व्यापारी, पण जीव सगळा जनावरांत. चांगल्या जातीचे वळू पाळायचे, विकायचे. गोठा वस्तीच्या मागंच होता, आणि त्या गोठ्यात सरज्या होता.

सरज्या म्हणजे गवळाऊ जातीचा पांढराशुभ्र वळू. आई त्याला जन्म देताना मेली. रुपरावनं दुधात बोट बुडवून, ते चोखायला देऊन त्याला जगवला. जगला तो असा जगला की पाच वर्षांचा होईस्तोवर त्यानं तीन माणसं फाडली. एकाची मांडी, एकाची कूस, आणि जनावरांच्या डॉक्टरचा खांदा. रुपरावशिवाय कोणाला तो गोठ्याच्या दारात उभं राहू देत नसे. रुपरावलासुद्धा फुकट नाही. रोज सकाळी रुपराव आत गेला की सरज्या एक धडक द्यायचा, रुपराव भिंतीवर आपटायचा, मग उठून त्याच्या मानेवर एक गुद्दा ठेवून द्यायचा. एवढी सलामी झाली की दिवसभर दोघं गरीब गाईसारखे. रुपरावच्या बरगड्यांवर कायमचे निळे डाग होते. बायको कौसल्या रात्री शेक द्यायची आणि म्हणायची, "एक दिवस हा सैतान तुमाले खाईन. मी तर त्याच्या दहा हात जवळ जात नाही बाप्पा."

साल एकसष्ट. दिवाळी झाली आणि भैय्याजींकडे ब्राझीलचा एक गोरा व्यापारी वळू पाहायला आला. मोठी टोपी, लाल मान. सरज्यानं शिंग मारलं, गोऱ्यानं उडी मारून जीव वाचवला, आणि धूळ झटकत झटकत तो हसला. हाच पाहिजे म्हणाला. त्याची एक अट होती. इथून मुंबई, तिथून जहाजानं तिकडच्या किनाऱ्यापर्यंत, आणि तिथं जनावरांना चाळीस दिवस वेगळं ठेवतात तेवढे दिवस, वळूसोबत त्याचा माणूस पाहिजे. माणूस नाही तर जहाजवाले असला वळू चढवू देणार नाहीत.

भैय्याजींनी दुसऱ्या दिवशी रुपरावला दुकानी बोलावलं. मुंबईहून त्या देशाच्या कचेरीचा कागद आला होता, तो वाचून दाखवला. व्हिसा पाहिजे. व्हिसा म्हणजे त्यांच्या देशात पाय ठेवायची परवानगी. त्यासाठी आधी पासपोर्ट. फोटो, दोन्ही कान दिसतील असे. देवीची लस टोचल्याचा कागद. डोळे आणि छाती तपासल्याचा डॉक्टरचा कागद. बोलावणाऱ्याचं पत्र. परत येणार असल्याची हमी. आणि शेवटी, पोलिसांचा चालचलनाचा दाखला, की हा इसम शांत आहे, भांडखोर नाही.

रुपरावनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् सरज्याले काय काय लागते?"

"त्याले डॉक्टरचा कागद. बस."

"चालचलनाचा नाही?"

"बैलाले कायचं चालचलन गा?"

"त्यानं तिघाले फाडलं. मी तर कोनाले फाडलं नाही."

भैय्याजी हसले नाहीत. म्हणाले, "रुपराव, मस्करी सोड. होळी झाली की जहाज सुटते. तुले दाखला भेटला तर तू जाशीन. नाही भेटला तर मले दुसरा माणूस पाठवा लागते. नत्थूचेही कागद मी टाकून राहिलो."

नत्थूचं नाव ऐकलं आणि रुपरावच्या कानशिलात सणक गेली. नत्थू भिवापूरकडचा, पटाच्या शर्यतीत बैल पळवणारा. त्याची एक रीत होती. धोतराच्या कनवटीला तिखटजाळ भिवापुरी मिरचीच्या भुकटीची पुडी ठेवायची आणि बैल रेंगाळला की शेपटीखाली चिमूट चोळायची. बैल जीव घेऊन पळायचा. दोन वर्षांपूर्वी रुपरावनं भर पटावर नत्थूचं मानगूट धरून तीच पुडी त्याच्या नाकातोंडात रिकामी केली होती. चार दिवस नत्थूला डोळे उघडता आले नव्हते.

म्हणजे आता गोष्ट सरळ होती. दाखला मिळाला तर सरज्यासोबत रुपराव. नाही मिळाला तर दीड महिना समुद्रावर, चार दोरांनी जखडलेल्या सरज्यासोबत नत्थू आणि त्याची पुडी.

"चौकशीले हवालदार येईन," भैय्याजी म्हणाले. "तवरोक हात बांधून ठेव. कोनी थुकलं तरी पुसून घे."

रुपरावनं खरंच हात बांधून ठेवला. फोटोवाल्याकडे जाऊन जन्मातला पहिला फोटो काढला, दोन्ही कान दाखवून. देवी टोचून घेतली. आणि अडीच महिने कोणावर हात उचलला नाही. वस्तीत दोन भांडणं झाली, तो घरात दार लावून बसला. इंदूबाईच्या नवऱ्यालाही वास लागला, तो पुन्हा आवाज चढवू लागला. रुपराव भिंतीपलीकडून ऐकायचा आणि खाटेच्या दोऱ्या मुठीत धरून बसायचा. एका आठवड्यात त्यानं खाटेची वीण तोडली.

ही खबर नत्थूला लागायला कितीसा वेळ लागणार? संक्रांतीनंतरच्या एका दुपारी तो दोन साथीदार घेऊन वस्तीच्या तोंडाशी पानठेल्यावर आला. रुपराव पेंढ्यांचा भारा घेऊन चालला होता.

"काय पैलवान," नत्थू म्हणाला, "मिरची खाशीन काय?"

रुपराव चालत राहिला. नत्थूनं मागून लाथ घातली. रुपराव भाऱ्यासकट तोंडावर पडला. उठला, भारा सावरायला वाकला, तशी नत्थूनं कानाखाली आवाज काढला. मग दुसरी. मग एकानं हात मागं धरले आणि नत्थूनं मनगटातलं कडं पुढं करून तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, समोरचा दात हलून जिभेवर आला. रुपरावनं तो तळहातावर थुंकून पाहिला. वस्तीतली वीसपंचवीस माणसं उभी होती आणि सगळी वाट पाहत होती, की आता तो हात उठणार आणि नत्थूची हाडं वेचायला सूप लागणार. हात उठला नाही. पोटात लाथा बसल्या तेव्हा रुपरावनं डोळे मिटून घेतले आणि सरज्याचं नाव मनात घोकलं. नत्थू दमला तेव्हा थांबला. जाताना त्याच्या पाठीवर पानाची पिंक टाकून गेला.

घरी कौसल्या हळद लावत होती. "काहून नाही मारलं तुमी?" तिनं विचारलं. "मरून गेले असते तं?"

"मारलं असतं तं कागद गेला असता," रुपराव फुटक्या ओठांनी म्हणाला. "त्याच्यासंग नत्थू गेला असता वं."

 त्या बैलाचा कौसल्येला इतका संताप आला की तिनं हळदीची वाटी भिंतीवर फेकून मारली.

आता ऐका, खरी फजिती इथून पुढं आहे. रुपरावनं मार खाल्ला ही गोष्ट वस्तीच्या फार जिव्हारी लागली. त्याचे गुद्दे हा वस्तीचा दागिना होता. बाहेरची माणसं दबून असायची ती त्या वाकड्या बोटांमुळे. आणि आता पोरंटोरं विचारू लागली, रुपरावभाऊंत दम राहिला नाही काय? अशा दिवसांत एके सकाळी चौकशीला नानाजी हवालदार सायकलवरून आला. रुपराव डोळे तपासायला दवाखान्यात गेला होता, कौसल्या बाजारात. नानाजीनं लिंबाखाली सायकल लावली, वही काढली आणि विचारलं, "रुपराव नेहारे माणूस कसा आहे? सरकारात कागद जायचा आहे. वळू घेऊन परदेशी जायचं आहे त्याले."

वस्तीनं एकमेकांकडे पाहिलं. सगळ्यात म्हातारे बापूजी पुढं झाले. त्यांनी आपल्या मनानं ताडलं, की सरकारच्या कानावर परवाचा मार गेलेला दिसतो. एवढा मारका वळू समुद्रापार न्यायचा, तो माणूस दमाचा आहे की नाही हेच बघायला हवालदार आला असणार. वस्तीची इज्जत आता आपल्या हाती.

"साहेब," बापूजी म्हणाले, "परवाचं मनावर घेऊ नका. त्याची तब्येत नरम होती. एरवी त्यानं माह्या डोयादेखत तिघाले एकट्यानं लोळवलं. एकाची तंगडी अजून सरळ नाही."

नानाजीची पेन्सिल थांबली. "तिघाले?"

"तीन कायचे, चार," मागून कोणी म्हणालं.

मग बांध फुटला. एकजण आपला तुटका कान दाखवायला पुढं आला. हा रुपरावनं तोडला, आणि बरोबर तोडला, कारण चूक माझीच होती, असं छाती फुगवून सांगितलं. दुसऱ्यानं टेंगूळ दाखवलं. ज्यांना रुपरावनं कधी बोटही लावलं नव्हतं, तेही आपापल्या जुन्या जखमा त्याच्या नावावर चढवू लागले. इंदूबाई तर नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली आणि त्याचा जबडा उघडून म्हणाली, "पाहा साहेब, हे दोन दात. एका फटक्यात पाडले त्यानं, तेही जेवत्या ताटावरून उठून. लिहा, देवमाणूस आहे म्हणून लिहा."

कौसल्या डोक्यावर टोपली घेऊन आली तोवर नानाजीची तीन पानं भरली होती. तिला एका क्षणात कळलं. टोपली टाकून ती धावली. "अवो हवालदारसाहेब, खोटं आहे हे सारं. आमचे हे मुंगीलेही मारत नाहीत."

सगळी वस्ती खो खो हसली. बापूजी म्हणाले, "बायकोची जात, भेते बिचारी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तो असा. रुपराव दुसऱ्या दिवशी ठाण्यावर गेला. नानाजी माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा पाजला आणि कपाळाला हात लावला. "मी काय करू गा? अठ्ठावीस माणसं साक्ष द्यायले रांगेत उभी. एकही तुह्याविषयी वाईट बोलला नाही. तेच तं झालं. आता साहेबानं शेरा मारला, मारकुटा इसम. मुंबईले कागद गेला."

"अन् नत्थूचा?"

नानाजीनं वहीकडे पाहिलं. "त्याचा साफ आहे. त्याच्या मोहल्ल्यात कोनी एक शब्द बोललं नाही. बायको गोपिका म्हणे, लय गरीब माणूस." वही मिटून तो म्हणाला, "तिचा एक डोया सुजलेला होता. पण ते वहीत लिहायचा रकाना नाही."

वस्तीला खरं समजलं तेव्हा बापूजी तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मग अठ्ठावीस जणं मिळून ठाण्यावर गेली, आम्ही खोटं बोललो म्हणाली. साहेबानं हाकलून दिलं. बैल गेला आन् झोपा केला, दुसरं काय म्हणायचं?

होळीनंतरच्या सोमवारी सकाळी सरज्याला नागपूर स्टेशनच्या मालधक्क्यावर आणलं. आणलं रुपरावनंच. दुसरा कोण आणणार होता? भैय्याजी मान खाली घालून म्हणाले होते, "तू नाही चढवला तं आठ जणं लाठ्यांनी चढवतीन." रुपरावनं वेसण धरली, सरज्या त्याच्या मागं मुकाट फळीवरून मालगाडीच्या वाघिणीत चढला. रुपरावनं त्याला चारी बाजूंनी दोर बांधले. गाठ मारताना सरज्यानं त्याचा खांदा चाटला. रुपराव खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पण रडला नाही.

नत्थू नवी टोपी घालून आला. खिशातून पासपोर्ट काढून त्यानं सगळ्यांना दाखवला, आतला व्हिसाचा शिक्काही दाखवला. गर्दी आवरायला नानाजी हवालदार धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होताच. नत्थू वाघिणीत चढला. सरज्यानं फुस्स केलं, पाय आपटले, पण चारी दोर ताणलेले, मान हलेना. नत्थूनं लांबून पाहिलं, जवळ गेला, आणि कनवटीला हात घालून पुडी काढली. "आत्ताच ओळख करून घेऊ बे," तो म्हणाला. त्यानं शेपटी उचलली. सरज्या असा ओरडला की धक्क्यावरचे हमाल मागं सरले. बांधल्या जागी तो थरथरत राहिला, तोंडातून फेस आला, वेसणीच्या भोकातून रक्त गळू लागलं.

खाली रुपराव उभा होता. राग येईल म्हणून त्यानं वाट पाहिली. आला नाही. त्यानं भैय्याजींना शांतपणे विचारलं, "यानं जायचं नाही म्हटलं तं दुसरा माणूस आहे?"

"दुसरा कुठून आणू? गुरुवारी जहाज आहे. याच्याच कागदाले तीन महिने लागले."

"अन् माणूस नसन तं बैल चढवत नाहीत."

"नाही चढवत."

रुपरावनं मान हलवली. तो फळीवरून वर गेला. नत्थूचं उजवं मनगट धरलं, वाघिणीच्या दाराच्या लोखंडी पट्टीवर आडवं ठेवलं आणि कोपरावर आपला सगळा भार टाकला. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. नत्थू किंचाळला. रुपरावनं डावं मनगट घेतलं. नत्थू पाया पडू लागला, आईची आण घेऊ लागला, लाथा झाडू लागला. रुपराव थांबला नाही. घाईही केली नाही. दुसरा हात पहिल्यापेक्षा सावकाश मोडला. हाड कातडीतून बाहेर आलं, नव्या टोपीवर रक्त उडालं. बैल धरायला दोन हात लागतात, हे रुपरावइतकं कोणाला माहीत होतं?

हमालांनी नत्थूला उचलून खाली नेलं. मग रुपरावनं चारी दोर सोडले, हमालाकडून पाण्याची बादली मागवली, सरज्याची शेपटी धुतली. सरज्यानं वेदनेनं त्याला एकदा दारावर आपटलं. रुपरावनं या वेळी गुद्दा मारला नाही. त्याला फळीवरून खाली आणला, धक्क्यावरच्या खांबाला बांधला आणि नानाजीपुढं जाऊन दोन्ही हात पुढं केले.

"आता लिहा," तो म्हणाला.

कोर्टात वकिलानं त्याला पढवलं होतं, की रागाच्या भरात झालं असं सांग. मुक्या जनावराचा छळ पाहून डोकं फिरलं, शिक्षा कमी होईल. कोर्टानं विचारलं. रुपराव पिंजऱ्यात उभा होता, समोरचा दात नव्हता, मागं सगळी वस्ती बसली होती.

"राग नव्हता साहेब," तो म्हणाला. "आजवर जेवढे मारले तेवढे रागात मारले. त्या दिवशी मी शांत होतो."

वकिलानं कपाळ धरलं. दोन वर्षांची शिक्षा झाली. चांगल्या वागणुकीचे दिवस कापून वीस महिन्यांनी रुपराव सुटला. तुरुंगात त्यानं कोणावर हात उचलला नव्हता. तसा कागद मिळाला, तो त्यानं तंबाखूच्या पिशवीत ठेवला.

गुरुवारचं जहाज सरज्याविना गेलं होतं. भैय्याजींनी चिडून हात झटकले होते. त्या सैतानाला दुसरा कोणी शिवत नाही, कसाबानंही नाही म्हटलं, तुमचं तुम्ही बघा, असं कौसल्येला सांगून ते मोकळे झाले होते. एवढंच रुपरावला भेटीच्या वेळी कळलं होतं. पुढचं तिनं कधी सांगितलं नाही; भेटीला यायची ती पदर भुवईपर्यंत ओढून, उजवा हात पदराखाली घेऊन. विचारलं की म्हणायची, "आहे जिता."

तो घरी न जाता आधी गोठ्याकडे गेला. सकाळची वेळ होती. दार अर्धं उघडं होतं. आत सरज्या उभा होता, थोडा वाळलेला, पण स्वच्छ, शिंगांना तेल लावलेलं. आणि त्याची वेसण डाव्या हातात धरून कौसल्या त्याच्या पाठीवरून चिंधी फिरवत होती. तिचा उजवा हात कोपरात वाकडा बसला होता. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत जुना व्रण होता.

रुपरावनं त्या हाताकडे बोट केलं. "हे कवा झालं वं?"

"पहिल्या महिन्यात दोनदा पाडलं त्यानं मले," कौसल्या न थांबता म्हणाली. "तिसऱ्या बारीनं मीही हाणला मग. तुमी हाणता तिथंच, मानेवर."

रुपरावनं दारात पाऊल टाकलं. सरज्यानं मान वळवली. फुस्स करून शिंगं खाली घातली आणि पुढचा खूर जमिनीवर घासला. दुधात बुडवलेलं बोट चोखून जगलेला तो बैल त्याच्याकडे परक्यासारखा पाहत होता. रुपरावनं दाराच्या चौकटीला हात टेकला. 

कौसल्येनं वेसण आखडली, बैलाच्या कानाशी काही पुटपुटली. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तिथंच थांबा जरासे. मी सांगते त्याले. मग या."

रुपराव हात जोडल्यासारखे पोटाशी धरून दाराबाहेर उभा राहिला.